लाल पेन्सिलीचे गोल

माझ्या पहिल्या ऑफिसात संगणकाच्या खोलीत चपला घालून जायला बंदी होती. धूळ आत गेली की यंत्रं बिघडतात, असा तेव्हा सगळ्यांचा ठाम समज. दाराबाहेर एक लाकडी मांडणी होती, तिच्यात चपला ठेवायच्या आणि आत एसीनं गारठलेल्या फरशीवर अनवाणी पाय टेकून काम करायचं. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या एका बंगल्याचा वरचा मजला आणि त्यात वीस-बावीस माणसं, एवढीच आमची कंपनी. मी माझ्या चपला नेहमी दाराच्या अगदी जवळच्या कोपऱ्यात ठेवायचे. मला रोज वाटायचं, आज यांना कळणार. आज कुणीतरी म्हणणार, बाई, तुम्ही इथे कशा काय आलात, निघा आता. तेव्हा निदान चपला शोधत बसायला नको.

हसू नका. चार वर्षं मी चपला तिथेच ठेवल्या.

मी अकोल्याकडच्या एका लहान गावातली. वडील प्राथमिक शिक्षक, शिक्षण मराठी शाळेत, गणित घेऊन बीएस्सी. पुण्यात येऊन संगणकाचा एक कोर्स केला आणि कर्वेनगरात तीन मुलींबरोबर एका खोलीत कॉट भाड्यानं घेतली. तेव्हा दोन हजार साल तोंडावर आलं होतं. जगभरच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं, ते बदललं नाही तर बँका, विमे, पगार सगळं कोलमडणार म्हणून एकच घबराट उडाली होती. कंपन्यांना माणसं कमी पडत होती आणि ज्याला चार ओळी लिहिता येतात त्याला नोकरी मिळत होती. त्यामुळे माझी पक्की खात्री होती की मला घेतलं ते जगाला घाई होती म्हणून. घाई संपली की हे लोक मला नीट बघतील आणि मग झालं.

माझ्या शेजारच्या टेबलावर ताई बसायची. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, पेठेत वाढलेली, बोलणं मोजकं आणि तिरकस. ऑफिसात सगळे तिला नावानं हाक मारायचे, मी पहिल्या दिवसापासून ताई म्हणाले. त्याच दिवशी चहाच्या वेळी माझ्या तोंडून "मले नको" असं गेलं आणि दोघं-तिघं फिसकन हसले. ताई हसली नाही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, घरी काय हवं ते बोल. इथे 'मला' म्हण. यांना हसायला कारण लागतं, ते तू कशाला पुरवतेस?" दुसऱ्या दिवशी तिनं घरून एक राखाडी शाल आणली आणि माझ्या खुर्चीवर टाकली, कारण त्या गारठ्यात मी कुडकुडत होते आणि माझ्याकडे स्वेटर नव्हता. हे सगळं खरं आहे. पुढचं सांगताना मी हे गाळणार नाही, मला कितीही गाळावंसं वाटलं तरी.

आमची कामाची पद्धत अशी होती. प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर चार-पाच ओळी असायच्या: प्रोग्रॅमचं नाव, तो काय करतो, तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव. परदेशातल्या ग्राहकाकडे तो प्रोग्रॅम त्या नावासकट जायचा. नव्या माणसाचं काम आधी एखाद्या जुन्या माणसानं तपासायचं, मग ते ग्राहकाला जाणाऱ्या फायलींत चढवायचं. मी नवी, ताई जुनी. माझा पहिला प्रोग्रॅम झाला तेव्हा मी वरच्या सगळ्या ओळी भरल्या आणि नावाची ओळ कोरी ठेवली. हात धजेना. साता समुद्रापलीकडे कुणी गोरा माणूस तो उघडणार, त्यात चूक काढणार आणि वर माझं नाव वाचणार, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

"ताई, वर तुमचंच नाव असू द्या ना," मी म्हणाले. "माझं नको. काही चुकलं तर उगाच…"

"वेडी आहेस का?"

"प्लीज, ताई."

तिनं खांदे उडवले. "बरं. तुझी भीती जाईपर्यंत."

नाव तिनं चोरलं नाही, मी माझ्या हातानं दिलं. कुणी मागितलेलंसुद्धा नव्हतं.

मग रोजचं चक्र सुरू झालं. एकेका प्रोग्रॅमला महिना-दोन महिने लागायचे; दिवसभरात लिहिलेल्या भागाची मी लांबलचक कागदावर प्रत काढायचे, दोन्ही कडांना भोकं असलेला तो कागद घडी घालून ताईला द्यायचे. ती तो घरी न्यायची आणि सकाळी परत आणायची. त्यावर लाल पेन्सिलीनं गोल केलेले असायचे, कधी पाच, कधी दहा. "आज वाचलीस," ती म्हणायची. "दुरुस्त करून चढवलंय मी. तू आता त्यात हात घालू नकोस, गोंधळ होईल तुझा."

मी तो कागद दुपारच्या डब्याच्या वेळी उघडून बसायचे. गोलातली ओळ वाचायचे. पुन्हा वाचायचे. काय चुकलंय ते मला कळायचं नाही. आणि कळत नाही हीच आपली लायकी, असं मी धरून चालायचे. एकदाही मनात आलं नाही की त्या ओळीत काही चुकलंच नसेल. अहो, गणितात पहिली येणारी मुलगी मी! दोन आणि दोन चार झाले, तरी लाल गोल दिसला की ते पाच असणार असं मला वाटायचं. ताईला एकदा विचारलं, "इथे नक्की काय चुकलं होतं?" तर म्हणाली, "सांगत बसले तर दिवस जाईल गं. होईल सवय." सवय झाली. तिच्या "आज वाचलीस"शिवाय माझा दिवस सुरू होईना.

मूळ फायली मात्र मी जपून ठेवायचे. आमच्या घरात काही टाकून द्यायची पद्धत नाही, वडिलांनी खडूचे रिकामे खोकेसुद्धा कधी फेकले नाहीत. बुधवार पेठेतून फ्लॉपी आणायच्या, त्यावर माझ्या हातचा प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. कधीतरी धीर झाला की ताईनं काय काय सुधारलं ते शिकू, असा विचार. धीर काही होत नव्हता.

मग तो फेब्रुवारी आला. साल उलटलं होतं, जग कोलमडलं नव्हतं, सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. आणि एकोणतीस फेब्रुवारीला एका ग्राहकाकडे आमचा एक प्रोग्रॅम अडकला. त्याला ती तारीखच मान्य होईना. म्हणे असा दिवसच नाही.

याचं कारण सांगते, सोपं आहे. चारनं भाग जातो ते साल लीप, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढे एक अट आहे: शेवटी दोन शून्यं असलेलं शतकाचं साल लीप नसतं. अर्धवट हुशार माणसं इथे थांबतात. पण त्याच्याही पुढे आणखी एक आहे: शतकाच्या सालाला चारशेनं भाग गेला तर ते लीप असतंच. दोन हजारला जातो. हे मला वडिलांनी चौथीत ओसरीवर बसवून शिकवलं होतं, गावातल्या शाळेत. तो प्रोग्रॅम माझ्याकडे आला तेव्हा चारशेची ओळ लिहिताना मला ती ओसरी आठवली होती. ती तारीख घालून पाहिल्याचंही आठवत होतं, चालला होता. त्या वेळी घाई इतकी होती की ताईला दिलेला कागद परत आलाच नाही, प्रोग्रॅम परस्पर चढवला गेला.

आणि आता ग्राहकाकडून जी प्रत आली होती, तिच्यात चारशेची ओळ नव्हती. सरांनी ती आम्हाला स्वतः उघडून दाखवली. सर म्हणजे आमचे प्रमुख, मालकही तेच. मग त्यांनी ताईला आणि मला खोलीत बोलावलं. आत शिरता शिरताच मी म्हणाले, "सॉरी सर, माझी चूक झाली." कुणी काही विचारायच्या आत! मला वाटलं, ओळ लिहायची मनात असेल आणि राहून गेली असेल. घालून पाहिलेली तारीख दुसरीच कुठली असेल. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मला स्वतःच्या नालायकपणावर जास्त विश्वास होता.

ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काम हिचं आहे सर, पण नाव माझं आहे. जबाबदारी माझी."

मी हमसून हमसून रडले. सरांनी ताईकडे आदरानं पाहिलं, माझ्याकडे नुसतं पाहिलं. बाहेर आल्यावर ताईनं पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्या रविवारी नाक्यावरच्या फोनच्या बूथमधून मी आईला सगळं सांगितलं, ताई कशी माझ्यासाठी उभी राहिली ते. आई फोनवरच रडली. गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर तिनं लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली, ताईसाठी. मग दर वर्षी एक बरणी. आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं की पुण्यात एक देवमाणूस बाई आहे आणि तिनं आमच्या पोरीची नोकरी वाचवली.

त्यानंतर दोन वर्षांनी ताईला तीन महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरलं. ऑफिसात सगळ्यांना तिचा हेवा वाटला. मला धडकी भरली. तीन महिने माझं काम कोण तपासणार? महिन्याभरात एक मोठा प्रोग्रॅम जायचा होता, पगारांचा, हजारो माणसांचा. तो मी एकटीनं पाठवायचा म्हणजे माझं बिंग फुटणार, आणि या वेळी पुढे उभं राहायला कुणी नाही. मी सरांकडे गेले.

"सर, माझं काम कोणीतरी तपासायला हवं."

"कोणाला वेळ आहे?"

"पण सर…"

"चार वर्षं झाली ना तुम्हाला? तुम्हीच तपासा." आणि ते फोनवर बोलायला लागले.

मग मला तो फ्लॉपींचा पत्र्याचा डबा आठवला. म्हटलं, ताई माझ्या कामात काय सुधारते ते आधीच्या प्रोग्रॅमांत बघू, त्या चुकांची यादी करू आणि या प्रोग्रॅममध्ये त्या आपणच शोधू. म्हणजे ताई नसतानाही ताई असल्यासारखं होईल. शनिवारी अर्धा दिवस होता, ऑफिस रिकामं. डबा घेऊन बसले. दोन फायली शेजारी ठेवल्या की त्यांच्यातला फरक दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. एका बाजूला माझी फ्लॉपीवरची फाइल घातली, दुसऱ्या बाजूला ग्राहकाला गेलेली.

फरक: एक ओळ. नावाची. माझ्याकडे कोरी, तिकडे ताईचं नाव.

मला वाटलं, चुकीची फ्लॉपी घातली. दुसरी घातली. एक ओळ, नावाची. तिसरी. मग मी भराभर घालत सुटले, फ्लॉपी आत जायची, खरखर वाजायची, पडद्यावर तेच. स्वल्पविरामसुद्धा बदललेला नाही. माझं मोडकंतोडकं इंग्रजी तसंच्या तसं साहेबाच्या देशात गेलेलं. इतके लाल गोल कुठे गेले? मी डोकं चालवत राहिले, की ताईनं नंतर दुरुस्त केलं असेल, दुसऱ्या जागी ठेवलं असेल. तिला वाचवायला मी त्या दिवशी किती कारणं शोधली, विचारू नका. सव्वीस फायली होत्या. पंचवीस फायलींत फक्त नाव वेगळं होतं.

एका फायलीत दोन ओळी वेगळ्या होत्या. नाव, आणि चारशेचा नियम. माझ्या फ्लॉपीवर तो होता. जसा वडिलांनी शिकवला तसाच्या तसा.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. मी उठले, फेऱ्या मारल्या, पुन्हा बसले, पुन्हा वाचलं. चार वर्षांत तिनं माझ्या कामात एकच दुरुस्ती केली होती आणि तीच चूक निघाली होती. आणि त्या चुकीसाठी मी रडले होते, माझी आई रडली होती, आणि दर वर्षी लोणच्याची बरणी जात होती! खुर्चीवरची राखाडी शाल मी उचलून खाली टाकली. मग उचलून घडी घातली, कारण वस्तू फेकायची आमच्याकडे पद्धत नाही, हे मेलं तेव्हाही सुटेना.

पगारांचा प्रोग्रॅम मी पुढच्या दोन आठवड्यांत तपासला, स्वतःच, लाल पेन्सिल घेऊन. तीन खऱ्या चुका सापडल्या. गोल केले आणि दुरुस्तही केल्या. मग वरच्या ओळीत माझं नाव लिहिलं. हे लिहिताना वाटतं तितकं शूर काही नव्हतं. दोनदा लिहून पुसलं. पाठवल्यावर चार दिवस जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी ग्राहकाचं उत्तर आलं: मिळालं, चालतंय, पुढचं कधी पाठवता. बस. कुणी मला ओळखलं नव्हतं, कुणी पकडलं नव्हतं. माझ्या नावानं आभाळ कोसळलं नव्हतं.

मी सरांना त्या सव्वीस फायलींतले फरक छापून दाखवले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"नावाचं काय घेऊन बसलात? ग्राहकाला काम चालल्याशी मतलब," ते म्हणाले. मग पान उलटून चारशेच्या ओळीवर थांबले. "दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला स्वतंत्र काम देणार होतो. त्या म्हणाल्या, ती कच्चं लिहिते, मी पक्कं करते. एकटी घाबरेल, आणखी वर्षभर थांबा."

"आणि तुम्ही थांबलात?"

"तुम्ही आल्या होतात का कधी सांगायला, की मी घाबरत नाही?"

तिरकस असला तरी माणूस खोटं बोलत नव्हता. पुढचं काम त्यांनी मला एकटीला दिलं. सॉरी मात्र म्हणाले नाहीत.

ताई परत आली ती सगळ्यांसाठी चॉकलेटं आणि माझ्यासाठी वेगळी एक अत्तराची बाटली घेऊन. मी तिला चपलांच्या मांडणीपाशी बोलावलं. दोघीही अनवाणी उभ्या होतो.

"ताई, त्या एकोणतीस फेब्रुवारीच्या प्रोग्रॅममध्ये चारशेची ओळ मी लिहिली होती."

तिनं "कुठला प्रोग्रॅम" असं विचारलं नाही. तेवढ्यानंच मला सगळं कळलं.

"हो," ती म्हणाली. "मला वाटलं, तू चुकून लिहिलीस. शतकाचं साल लीप नसतं, एवढंच मला माहीत होतं. काढली मी ती."

"मग सरांच्या खोलीत बोलल्या का नाहीत?"

"बोलणार होते. खरंच बोलणार होते गं. तोंड उघडणार, तेवढ्यात तूच सॉरी म्हणालीस. आणि इतकं मनापासून म्हणालीस!" तिनं नजर वळवली. "मी एक शब्द खोटा बोलले नाही त्या दिवशी. आठवून बघ."

आठवून पाहिलं. नव्हती बोलली. काम हिचं, नाव माझं, जबाबदारी माझी. सगळं अक्षरशः खरं.

"आणि बाकीचे पंचवीस? त्यातले गोल?"

"कागद कोरा परत दिला असता तर तुला वाटलं असतं, ताईंनी वाचलंच नाही."

"आणि रोजचं ते 'आज वाचलीस'?"

ती मांडणीतल्या चपला सरळ करायला लागली. पेठेतल्या बाईकडे उत्तर नाही, असं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. मला ओरडायचं होतं. तुमच्या शालीत बसून मी चार वर्षं स्वतःला शिव्या घातल्या, नाव घेतलंत त्याचं काही नाही, ते मीच दिलं होतं, पण माझे डोळे खोटे ठरवलेत, माझ्या बापानं शिकवलेलं खोटं ठरवलंत आणि वर माझ्याकडून उपकार मानून घेतलेत. यातलं बाहेर पडलं ते इतकंच: "अहो, मी तुम्हाला ताई म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी शाल धुऊन, इस्त्री करून तिच्या खुर्चीवर ठेवली. सहा महिन्यांत ती दुसऱ्या कंपनीत गेली.

त्यानंतर मी एकदम ठणठणीत झाले, असं सांगितलं तर ते खोटं होईल. कुणी काम वाचून "ठीक आहे" म्हटलं की मला गोल हवेसे वाटायचे, नसले की धाकधूक. हळूहळू मी एक सवय लावून घेतली: कुठलंही काम सुरू करताना आधी नावाची ओळ भरायची, काम नंतर. आणि कुणी चूक म्हणालं की आधी फाइल उघडायची, सॉरी नंतर. पहिली काही वर्षं जीभ दातांखाली धरून ठेवावी लागायची. चपला मात्र मी मधल्या फळीवर ठेवायला लागले, मग कंपनी बदलली, आणि नव्या कंपनीत चपला घालूनच आत जायचे.

आईला यातलं काही सांगितलं नाही. बरणी दर वर्षी येत राहिली, मी ती मैत्रिणींना वाटून टाकायचे. न सांगण्याचं कारण मी स्वतःलासुद्धा नीट सांगत नव्हते. गल्लीत आईची मान खाली जाईल, असं म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. मला भीती होती की आई सगळं ऐकून घेईल आणि शेवटी म्हणेल, तुझंच काही चुकलं नसेल ना? आणि माझ्याकडून "काय माहीत" असं निघेल.

पुढे माझं लग्न झालं आणि वारज्याला आम्ही फ्लॅट घेतला. नवऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. वास्तुशांतीला आई आली आणि आल्या आल्या तिनं विचारलं, ताईंना बोलावलं ना? मी टाळाटाळ केली, तर रुसून बसली. शेवटी मीच फोन केला. वाटलं, ती येणार नाही. ती आली.

जेवणं झाल्यावर आईनं तिला पाटावर बसवलं, ओटी भरली, पिशवीतून साडी काढली. गावाहून आणलेली, मोरपिशी, माझ्या साडीपेक्षा भारी. "माह्या पोरीले तुमीच सांभायलं बाई," आई म्हणाली. "तुमी नसत्या तं ते कवाचीच परत आली असती."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. "नाही हो काकू," ती हळू म्हणाली. "मी काहीच केलं नाही. तिचं काम चांगलंच असायचं. मला दुरुस्त करायला काही सापडायचंच नाही."

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा हे वाक्य उच्चारलं होतं, भरल्या घरात, सगळ्यांसमोर. आणि आईचे डोळे पाण्यानं भरले. "पाह्य," ती आजूबाजूच्या बायकांना म्हणाली, "किती मोठ्या मनाची बाई हाये."

"आई, त्या खरं सांगताहेत," मी म्हणाले.

"गप. असं नाई बोलू." आईनं माझा हात दाबला. बायका कौतुकानं माना हलवायला लागल्या. ताईनं साडी घेतली, कपाळाला लावली आणि पर्समध्ये ठेवली.

मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. ती वाकून चपलांचे पट्टे लावत होती. काहीतरी बोलायचं होतं तिला, सॉरीच असावं. मी वाट पाहिली नाही.

"आज वाचलात, ताई," मी म्हणाले.

ती जिना उतरून गेली. मी आत आले, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि आईला समोर बसवलं. पहिल्या कोऱ्या ओळीपासून सगळं सांगितलं, लाल गोल, चारशेचा नियम, मी आधीच म्हटलेलं सॉरी, वाटून टाकलेल्या बरण्या. आई ऐकत होती. मध्ये एकदा तिनं पदर तोंडाला लावला. माझं संपल्यावर मला इतकी वर्षं जे ऐकायची भीती होती तेच म्हणाली.

"तुयंच काई चुकलं नसन ना वं, बाई?"

"नाही, आई," मी म्हणाले. "माझं बरोबर होतं."